मुलाच्या डोक्यावर चट्टा पडून केस गेलेत, शाळा बंद ठेवू का?

सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा आहे, तीन आठवडे मलम लावूनही फरक नाही, आता चकोट करून घरी बसवावं का, असं तुम्ही विचारलंय. चकोट करायची गरज नाही. आणि नुसत्या मलमावर तर अजिबात थांबू नका.

मी भोर तालुक्यात नऊ वर्षं शिकवलं, आता पुण्यात पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या मुलांना शिकवते. दोन्हीकडे हे डोक्यातलं गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग, पाहिलंय. वस्तीत चार भावंडांत एकच फणी आणि एकच उशी असते. गावात त्यात मांजराची पिल्लं आणि वासरंही येतात, त्यांच्या अंगावरूनही ही बुरशी मुलांना लागते. तुमच्या घरात पिल्लू असेल तर त्याचे केस कुठे गळलेत का, ते बघा.

चट्ट्यावर खपल्या, तुटके केस किंवा काळे ठिपके दिसतात का? दिसत असतील तर गजकर्णच असण्याची शक्यता जास्त. चाई हा केस गळून चट्टा पडण्याचा वेगळा आजार, त्यात जागा गुळगुळीत असते. खात्री हवी तर पुण्यातल्या ससून रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, मुलाला फारसं दुखत नाही. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, मलम तिथवर पोचतच नाही. त्यामुळे पोटातून औषध लागतं, तेही काही आठवडे. ग्रिसिओफुल्विन दिलं तर ते दुधाबरोबर किंवा तूप लावलेल्या पोळीबरोबर द्या, अंगी लागतं. चट्टा पुसट झाला म्हणून मधेच बंद करू नका. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असलं तर खाज थांबते, पण बुरशी पसरते.

भोरला माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या डोक्यावर लिबलिबीत, पुवाळलेली सूज आली. दवाखान्यात गळू समजून चीर दिली. होती ती बुरशीचीच. गोळ्या उशिरा सुरू झाल्या आणि तेवढ्या जागी केस परत आलेच नाहीत. भांग फिरवून ती ते झाकायची. सुरुवातीला मीच तिच्या आईला ‘कोंडा असेल’ म्हणाले होते, ते अजून बोचतं.

भावंडांचीही डोकी तपासून घ्या. फणी, टोपी, टॉवेल वेगळे ठेवा, अभ्रे गरम पाण्यात धुवा. डॉक्टर केटोकोनॅझोलचा शांपू देतील, त्याने इतरांना लागण कमी होते. औषध सुरू झालं की मुलाला शाळेत पाठवा, आणि बाईंना भेटून सांगा की त्याला एकट्याला मागच्या बाकावर बसवू नका.