बी.एस्सी. झाला, आता पुण्याला पाठवू की कुरकुंभला?

पत्र: माझा मुलगा यंदा बार्शीतून बी.एस्सी. (रसायनशास्त्र) झाला. वय २१, गुण ६४ टक्के. कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत एक वर्षासाठी अप्रेंटिस म्हणून निवड झाली आहे, महिना १४,००० रुपये. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. त्याच्या वडिलांचं म्हणणं, हे कामगारासारखं काम कशाला, दोन वर्षं पुण्यात राहून एमपीएससी कर, महिन्याला बारा हजार मी देतो. आमची चार एकर सोयाबीन आणि तूर आहे. मुलाला विचारलं की म्हणतो, तुम्ही ठरवाल तसं. तो घर सोडून कधी राहिलेला नाही. काय करावं? (एक आई, बार्शी)

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात टक्के आहेत, पगार आहे, पुण्याचा खर्च आहे, शेती आहे. मुलाला काय करावंसं वाटतं, तेवढं मात्र कुठे सापडलं नाही. यात तुमची चूक नाही. बारावीपर्यंत शाळेचं वेळापत्रक आणि पुढं विद्यापीठाचं, त्यामुळे एकविसाव्या वर्षापर्यंत मुलांना पुढं काय हे दुसऱ्याच कुणीतरी सांगितलेलं असतं. पदवीचा निकाल लागला की ते सांगणं थांबतं आणि सरळमार्गी मुलं नेमकी तिथंच गप्प होतात. ‘तुम्ही ठरवाल तसं’ म्हणण्यात आईवडिलांचा मान असतोच, पण उद्या काही बिघडलं तर आपल्यावर येऊ नये ही धास्तीही असते. म्हणून हे उत्तर आधी त्याला वाचायला द्या. माझं मत सरळ सांगते: त्यानं कुरकुंभला जावं. पण ‘जातो’ किंवा ‘नाही जात’ हे त्याच्या तोंडून यायला हवं, आणि ‘नाही’ आलं तर रागावू नका.

स्पर्धा परीक्षेला माझा विरोध नाही. चांगले अधिकारी आपल्याच गावांतून गेलेले आहेत आणि जावेत. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. चार पर्यायांतला एक रंगवायचे दिवस तिथं संपले. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५० गुणांचे, मिळून १,७५० गुण. वर मुलाखतीचे २७५. मराठी आणि इंग्रजीचे पेपर पात्रतेपुरते असतात, पण तेही लिहावे लागतातच. वडिलांच्या शब्दाखातर मुलगा अभ्यासिकेत दोन वर्षं बसेल. स्वतःला त्या कामाची ओढ नसेल तर त्याच्याकडून अशी उत्तरं लिहून होणार नाहीत.

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागातून माझ्याकडे येणारी मुलं आळशी नसतात, हे त्याच्या वडिलांना जरूर सांगा. कॉट बेसिसवर राहतात, मेसचं जेवतात, पहाटेपासून अभ्यासिकेची खुर्ची सोडत नाहीत. अडचण अशी की एखादी पूर्व परीक्षा दोन-चार गुणांनी हुकते आणि मग सोडवत नाही. दोन वर्षांची चार होतात, चाराची सहा. तोवर प्रयोगशाळेतला हात गेलेला असतो आणि कंपनीत मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न तोच येतो, मधल्या वर्षांत काय केलंत? खुल्या प्रवर्गाला राज्यसेवेसाठी ३८ वर्षांपर्यंत बसता येतं, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत. म्हणजे एक वर्ष उशिरा सुरुवात केल्यानं तिथलं काही हातचं जात नाही. ताज्या पदवीवर कारखान्यात शिकायला मिळण्याची संधी मात्र फार काळ थांबत नाही.

आता ‘कामगारासारखं काम’ याबद्दल. विभाग कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते त्यानं आधी विचारून घ्यावं. गुणवत्ता नियंत्रणाची प्रयोगशाळा असेल तर कच्च्या मालापासून तयार गोळीपर्यंत प्रत्येक नमुना तपासायचा, टायट्रेशन (थेंबाथेंबानं द्रावण घालून प्रमाण काढणं) करायचं, एचपीएलसीसारख्या, नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर हात बसवायचा आणि प्रत्येक नोंद त्या त्या वेळीच करायची. औषध उद्योगात जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात. कॉलेजच्या जर्नलमध्ये रीडिंग जुळवून लिहिलेल्या मुलाला ही शिस्त पहिल्यांदा जड जाते, पण ती एकदा लागली की जन्मभर उपयोगी पडते. उत्पादन विभाग असेल तर पाळ्या येतील, उभं राहून काम असेल. तेही शिकणंच आहे. मात्र वर्षभर नुसती पोती मोजायला लावणार असतील, तर माझं मत बदलेल.

कायद्याची बाजू त्याला नीट कळली पाहिजे. अप्रेंटिस हा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली प्रशिक्षणार्थी असतो, कंपनीचा कर्मचारी नसतो. त्याला मिळतं ते विद्यावेतन, त्यातून पीएफ कापला जात नाही, आणि वर्ष संपल्यावर कंपनीनं त्याला नोकरी द्यायलाच हवी असं बंधन कायदा घालत नाही. हे आजच माहीत असलेलं बरं. पण करार केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर, पदवीधरांसाठी बहुधा ‘नॅट्स’वर, नोंदलेला असायलाच हवा. तशी नोंद असेल तर वर्षअखेर मिळणारं प्रमाणपत्र अनुभव म्हणून दाखवता येतं. नोंद नसेल तर ‘शिकाऊ’ म्हणून स्वस्तात राबवून घेणं एवढाच त्याचा अर्थ उरतो. कंपनीच्या एचआर विभागाला फोन करून त्यानं स्वतः विचारावं: विभाग कोणता, करार कुठे नोंदणार, पाळ्या कशा. आणि मूळ गुणपत्रकं कुणाकडेही ठेवायला देऊ नयेत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ परत आणायची.

त्याच्या वडिलांची काळजी मला खोटी वाटत नाही. सोयाबीनचा भाव पडला की वर्षाचं गणित कोसळतं, हे सोसलेल्या माणसाला मुलासाठी महिन्याच्या एक तारखेची खात्री हवी असणारच. त्यांना एवढंच सुचवा, की पुण्यासाठी काढलेले बारा हजार यंदा दर महिन्याला बँकेत टाका. वर्षाचे १,४४,००० होतील. मुलगा तिकडं रोज वर्तमानपत्र वाचेल, राज्य मंडळाची इतिहास-भूगोलाची पुस्तकं पुन्हा हातात घेईल, पूर्व परीक्षेचे जुने पेपर सोडवून पाहील. पाळी करून आल्यावरही तो आपणहून पुस्तक उघडत असेल, तर पुढच्या वर्षी त्याला त्याच पैशांवर खुशाल पुण्याला पाठवा. वैकल्पिक विषय म्हणून रसायनशास्त्र घेता येतं. तेव्हा किती प्रयत्न द्यायचे ते बाप-लेकानं आधीच ठरवून कागदावर लिहावं. माझ्या मते दोन.

आणि ताई, तुमच्या वाट्याचं. बार्शीहून कुर्डुवाडी, तिथून रेल्वेनं दौंड आणि पुढं कुरकुंभ. सुट्टीला घरी येता येईल इतकंच हे अंतर आहे. खोली तुम्ही दोघं जाऊन ठरवून येऊ नका, त्याला शोधू द्या. भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावा लागतो, एवढं त्याच्या कानावर घाला. जाण्याआधी भात, पिठलं आणि खिचडी त्याच्या हातून करून घ्या. सोलापूर विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र, कॉलेजातला दाखला, यांसाठी आजवर तुम्ही खेटे घातले असतील तर आता त्याला घालू दे. पहिलं विद्यावेतन देवापुढं ठेवा, पण एटीएम कार्ड आपल्याकडे ठेवून घेऊ नका. भाडं, मेस आणि गाडीभाडं जाऊन उरेल त्यातलं घरी किती द्यायचं, ते त्यानंच सांगावं. रक्कम लहान असली तरी घ्या.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेक त्याचा फोन येईल की मला इथं जमत नाही. लगेच वडिलांना आणायला पाठवू नका. नेमकं काय जमत नाही ते शांतपणे विचारा. जेवण असेल, रात्रपाळीची झोप असेल, वरिष्ठ ओरडला असेल, किंवा नुसती घरची आठवण असेल, तर थोडा वेळ जाऊ द्या. दोन महिन्यांत ते पुष्कळसं सरतं. पण हातमोजे, मास्क, चष्मा न देता त्याला सॉल्व्हंट (रसायनं विरघळवणारे द्रव) हाताळायला लावत असतील, किंवा अपघात झाला तरी नोंद करू देत नसतील, तर वर्ष पुरं करण्याचा हट्ट धरू नका. त्या दिवशी त्याला घरी बोलवा आणि मला कळवा.