पीएच.डी.नंतर परदेशी जावे का?

प्रश्न : रेण्वीय जीवशास्त्रातील माझी पीएच.डी. संपत आली आहे. पोस्टडॉक्टरल संशोधनासाठी परदेशी जावे, की पुण्यातच थांबावे?

उत्तर : देशाआधी प्रयोगशाळा निवडा. ज्या प्रश्नात तुमचे मन खरोखर रमेल, त्यावर काम करणाऱ्या गटप्रमुखांचे शोधनिबंध वाचून, आपण नेमके काय करू इच्छितो हे सांगणारे स्वतंत्र पत्र प्रत्येकाला लिहा. एकच मजकूर सर्वांना पाठवणे व्यर्थ आहे, हे मी आग्रहाने सांगते. युरोपसाठी एम्बोची (युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र संघटनेची) शिष्यवृत्ती दोन वर्षांपर्यंत मिळते, तर ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्राम या आंतरराष्ट्रीय संशोधन-निधी कार्यक्रमाची शिष्यवृत्ती तीन वर्षांची असून ती नव्या विषयाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी आहे. पुण्यात राहायचे असल्यास आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र येथे चौकशी करा, मात्र पीएच.डी. केली त्याच गटात पुढे राहू नका.