कोरी चकती : चुकलेलं नाणं की कारखान्यातला तुकडा?

प्रश्न : जुन्या परदेशी नाण्यांच्या डबीत एक रुपेरी चकती सापडली. दोन्ही बाजू कोऱ्या आहेत, कडेला खाचा नाहीत. व्यास २१ मिलिमीटरला थोडा कमी, वजन ५.०० ग्रॅम. लोहचुंबकाला चिकटत नाही. एक जण म्हणतो, टांकसाळीत छापायचं राहून गेलेलं नाणं आहे. दुसरा म्हणतो, कुठल्या तरी यंत्राची टिकली आहे. खरं कसं ओळखायचं?
– एक वाचक

उत्तर : वजन आणि व्यास मोजून पाठवलात, फार बरं केलंत. नुसत्या फोटोवरून मी काहीच सांगू शकलो नसतो.

मी बत्तीस वर्षं पॉवर प्रेसवर पत्र्यातून चकत्या पाडल्या, त्यामुळे कुठलीही चकती हातात आली की आधी कड पाहतो. पंच, म्हणजे चकती पाडणारा पोलादी दांडा, पत्र्यात शिरला की चकतीची एक कड किंचित गोलावते आणि दुसऱ्या बाजूला बर येते, म्हणजे बोटाला लागणारी धारदार कोर. जाडीकडून पाहिलं तर थोडा भाग चकचकीत कापलेला आणि उरलेला खरबरीत तुटलेला दिसतो. विजेच्या पेट्यांना पाडलेल्या भोकांतून निघणाऱ्या टिकल्या अगदी अशाच असतात, आणि ‘चुकलेलं नाणं’ म्हणून त्याच सर्वांत जास्त दाखवल्या जातात.

टांकसाळीतही चकती पत्र्यातूनच पाडतात, पण तिचं पुढे बरंच काही होतं. तापवून मऊ करतात, धुतात, घोळवतात. मग अरुंद खाचेतून फिरवत दाबतात, त्यानं कड सगळीकडून सारखी उचलली जाते. ठशाखाली जाते ती ही उचललेल्या कडेची चकती. त्याआधीच निसटलेली चकती सपाट कडेची असते. तीही टांकसाळीचीच, पण कारखान्यातल्या टिकलीपासून वेगळी काढणं फार अवघड. म्हणून तुमच्या चकतीची कड उचललेली आहे का, हे सर्वांत महत्त्वाचं. नख मधून कडेकडे ओढा. बारीक बांध लागला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना.

कडेला खाचा नाहीत हे तुमच्या बाजूनं आहे. बहुतेक नाण्यांच्या खाचा ठसा बसताना भोवतीच्या कड्यामुळे उमटतात. कडेला खाचा आणि तोंडं मात्र कोरी, अशी चकती दिसली तर कुणीतरी नाणं घासलंय असं समजावं.

आता आकडे. अमेरिकेचं ५ सेंटचं नाणं ५ ग्रॅमचं, २१.२१ मिलिमीटर व्यासाचं, ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल. त्याची कड मुळातच साधी असते. छापण्याआधी चकती तयार नाण्यापेक्षा किंचित लहान असते, कारण ठशाच्या दाबानं धातू कड्यापर्यंत पसरतो. तुमचा व्यास त्यात बसतो. कड साधी म्हटल्यावर घासलेल्या नाण्याची शंका उरते खरी, पण झिजलेल्या किंवा घासलेल्या नाण्याचं वजन घटलेलं असतं. तुमचं भरलेलं पूर्ण ५ ग्रॅम मला आश्वासक वाटतं.

चुंबकावर मात्र विसंबू नका. स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत, रंगही असाच रुपेरी. इथे पाणी कामाला येतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. चकती बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबती धरा. तळाला किंवा काठाला टेकता कामा नये, बुडबुडेही चिकटलेले नकोत. काट्यावर येणाऱ्या आकड्यानं ५.०० ला भागलं की घनता मिळते. तांबं-निकेल असेल तर काट्यावरचा आकडा ०.५६ च्या आसपास येईल, म्हणजे घनता ८.९. स्टेनलेस स्टील असेल तर ०.६३ च्या जवळ, जस्त असेल तर ०.७०. पाच वेळा करा आणि सरासरी घ्या. जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, ०.५८ च्या जवळपास येतं, तिथे एवढ्या काट्यावर ठाम बोलता येत नाही.

चकती घासू नका, ॲसिडचा थेंबही टाकू नका. पंचविशीत असताना मला अशीच एक चकती मिळाली होती. आत कुठला धातू आहे ते पाहायला मी कडेवर कानस फिरवली. पुढे जाणकारानं ती खरी ठरवली, पण कानशीची खूण कायमची राहिली. त्याची हळहळ मला अजून वाटते.

कड दोन्ही बाजूंनी उचललेली आणि पाण्यातला आकडा ०.५६ च्या आसपास असेल, तर ती नाण्यासाठी केलेली चकती असण्याची शक्यता मी मोठी मानतो. मात्र तिच्यावर देशाचं नाव नाही, साल नाही. टोकनांसाठीही याच मिश्रधातूच्या चकत्या करता येतात. त्यामुळे शेवटचा निर्णय चुकलेली नाणी रोज हाताळणाऱ्यानं ती प्रत्यक्ष पाहूनच द्यायचा. तोवर तिला त्याच डबीत, बाकीच्या नाण्यांसोबतच राहू द्या. कुठल्या नाण्यांत सापडली हेही तो विचारेल. कडेवर बाजूनं उजेड टाकून काढलेला फोटो आणि पाण्यातले पाचही आकडे मला पाठवा.