शिक्क्यावर लिहिलंय तेच काडतूस

प्रश्न : वडिलांच्या पश्चात .315 रायफल रीतसर माझ्या परवान्यावर आली. कपाटात जुनी काडतुसंही निघाली, काहींवर ‘8 मिमी’ लिहिलंय. .315 इंच म्हणजे 8 मिमीच ना? मग चालतील? – एक वाचक, राधानगरी

उत्तर : हिशेब बरोबर आहे, पण त्यावर विसंबून घोडा ओढू नका. ‘8 मिमी’ नावाची काडतुसं अनेक आहेत. .315 च्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि पितळी कवच साधारण 50 मिमी लांब असतं. 8 मिमी मॉझरचं कवच 57 मिमी, बुडाला तशी कड नाही आणि दाब बराच जास्त. असं काडतूस बसलं तरी ते उडवायचं नाही, नाहीतर कवच फाटून तापलेला वायू थेट तोंडावर येऊ शकतो.

आधी रायफल रिकामी करा. नळीच्या मुळाशी कोरलेला शिक्का, काडतुसाच्या बुडावरचा शिक्का आणि परवान्यातला बोअर (नळीच्या भोकाचं माप) हे तिन्ही जुळलेच पाहिजेत. .22 मध्येही हेच. नेमबाज स्वप्निल कुसाळे ज्या 50 मीटर प्रकारात खेळतात तिथे .22 चं ‘लाँग रायफल’ काडतूस लागतं. .22 ‘मॅग्नम’चं कवच त्याहून जाड, .22 ‘शॉर्ट’चं आखूड.

शिक्का जुळला तरी कवचाच्या मानेवर (गोळी बसते तिथे) चीर, हिरवा गंज किंवा सैल गोळी दिसली तर ते काडतूस बाद. बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) जोर लावून बंद करू नका. बार दबका वाजला तर तिथेच थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढचा बार नळी फोडतो.

जुन्या रायफलीचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आधी परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्या. बाद काडतुसं पंचगंगेत टाकू नका, पोलीस ठाण्यात विचारून जमा करा.