दोन बॅगा आणि एक सातबारा

तुमचा प्रश्न असा आहे: "भारतीय लोक दोन बॅगा घेऊन अमेरिकेत जातात आणि पंधरा वर्षांत घर-गाडी सगळं करतात. तिथल्या कृष्णवर्णीयांची गुलामगिरी संपून दीडशे वर्षं झाली, तरी ते मागेच. कष्टाची तयारी नसते म्हणून का?"

मीही २००६ साली दोन बॅगा घेऊनच मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला उतरलो. एकीत कपडे, दुसरीत कुकर, गोडा मसाला आणि आईने बांधून दिलेलं मेतकूट. पहिली पाच-सहा वर्षं मीसुद्धा अगदी असंच म्हणायचो, चारचौघांत म्हणायचो. आज त्याची लाज वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या बॅगांत जे दिसत नव्हतं ते आधी सांगतो. आमचं गाव कराडजवळ. आजोबा दुसऱ्याची जमीन कुळाने करायचे. मुंबई राज्याच्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक ठरला. आजोबांनी हप्त्याहप्त्याने किंमत भरली, ३२-म चं, म्हणजे जमीन विकत घेतल्याचं, सर्टिफिकेट हातात पडलं, फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून त्यांचं नाव लागलं. सव्वातीन एकर. ते सर्टिफिकेट पत्र्याच्या ट्रंकेत आजीच्या लुगड्याच्या घडीत असायचं आणि आम्हा मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. त्या जमिनीवर सोसायटीचं पीककर्ज मिळालं, ऊस झाला, वडील शिकले, वीज मंडळात लागले. मग मी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो, तेही डोक्यावर एक रुपयाचं कर्ज न होता. खिशात चारशे डॉलर होते हे खरं, पण मागे तीन पिढ्यांची चढण होती आणि तिची पहिली पायरी सरकारी कायद्याने बांधून दिलेली होती.

आमच्याच गावातल्या दलित वस्तीकडे कुळाने करायलाही जमीन नव्हती, त्यामुळे त्यांच्या हाती १९५७ साली काहीच आलं नाही. आजोबांच्या रानात मजुरीला येणाऱ्या एका बाबांचा मुलगा वडिलांच्या वर्गात होता. हुशारीत वडिलांपेक्षा काकणभर सरसच, हे वडील स्वतः सांगतात. त्याची शाळा सातवीला सुटली.

आता अमेरिका. जानेवारी १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपत आलेलं असताना, सरकारी फौजेच्या जनरल शर्मनने दक्षिणेच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर वाटण्याचा हुकूम काढला. हजारो कुटुंबं तिथे कसायला लागलीसुद्धा. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनचा खून झाला आणि त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सननी त्याच वर्षी बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत केली. फेरफार रद्द, म्हणा ना. उलट १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांचे तुकडे किरकोळ फी घेऊन वाटले गेले. त्याचा लाभ बहुतांशी गोऱ्या कुटुंबांना झाला, त्यात युरोपातून नुकतेच उतरलेलेही होते. (ती जमीन मुळात कुणाकडून हिसकावली, हा तितकाच दुखरा वेगळा विषय आहे.)

ज्यांनी तरीही उभं केलं, त्यांचं राहू दिलं का? ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात कृष्णवर्णीयांनी दुकानं, हॉटेलं, थिएटरं असलेली ग्रीनवुड वसवली होती. १९२१ साली गोऱ्या जमावाने दोन दिवसांत तिचे पस्तीस ब्लॉक जाळले. विमा कंपन्यांनी दावे फेटाळले. कष्टाची तयारी नव्हती असं त्या लोकांना कोण म्हणेल?

पण माझे डोळे खरे उघडले ते माझ्याच घराच्या कागदांनी. २०१५ साली आम्ही मिनियापोलिसमध्ये घर घेतलं, १९२०च्या दशकात बांधलेलं. कागदपत्रांच्या गठ्ठ्यात जुन्या खरेदीखताची प्रत होती. जेवणाच्या टेबलावर बसून बायको मोठ्याने वाचत होती आणि एका ओळीवर थांबली. हे घर कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाखेरीज कुणालाही विकता, गहाण ठेवता किंवा भाड्याने देता येणार नाही. घरकामाचे नोकर राहिले तर चालतील. म्हणजे या स्वयंपाकघरात आम्ही तेव्हा फक्त भांडी घासायला येऊ शकलो असतो. (आपण 'गोरे' ठरतो का, हा प्रश्न पंजाबातून इथे आलेल्या भगतसिंग थिंड यांनी कोर्टापर्यंत नेला होता. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, भारतीय माणूस गोरा नाही, त्याला नागरिकत्व नाही.)

मिनियापोलिसमध्ये अशी कलमं १९१० पासून दिसतात आणि त्यांच्यामागे पुढे सरकारही उभं राहिलं. १९३०च्या दशकापर्यंत इथे घर घ्यायचं तर जवळजवळ निम्मी रक्कम रोख लागायची. मग सरकारने गृहकर्जांना हमी द्यायला सुरुवात केली, डाऊन पेमेंट कमी झालं, मुदत वीस-पंचवीस वर्षं झाली. नोकरदार माणूस घरमालक झाला तो इथे. पण सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात गेल्या. लाल म्हणजे धोक्याचं कर्ज. आणि गृहकर्जाला हमी देणाऱ्या खात्याची नियमावलीच अशी वंशाची कलमं असावीत म्हणून सुचवत होती. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठीच्या कर्जांचं तेच. मिसिसिपीतल्या शहरांच्या १९४७ च्या पाहणीत हमी दिलेली ३,२२९ कर्जं निघाली, त्यातली कृष्णवर्णीयांना किती? दोन.

१९४८ ला सुप्रीम कोर्टाने ठरवलं की ही कलमं कोर्टातून बजावता येणार नाहीत. घराच्या बाबतीत भेदभावावर देशभर बंदी आली १९६८ ला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात. म्हणजे दीडशे वर्षांचा हिशोब धरू नका. ज्यांना कर्ज नाकारलं, त्यांची मुलं आज साठी-सत्तरीत आहेत.

माझ्या ऑफिसात अशाच एका माणसाचा नातू आहे. हुद्दा माझाच, पगार जवळपास माझाच. त्याचे आजोबा युद्धातून परतले, रेल्वेत हमाली केली आणि शेजारच्याच सेंट पॉल शहरातल्या राँडो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत कर्ज न मिळता, पै-पै साठवून घर घेतलं. १९५६ ते १९६८ मध्ये राँडोच्या मधोमध आय-९४ हायवे काढला. सहाशेहून जास्त कुटुंबांची घरं गेली. आजोबांना मिळालेल्या पैशात दुसरीकडे घर येईना आणि ज्या भागात यायचं तिथे कलमं आणि दलाल आडवे. उरलेलं आयुष्य भाड्याच्या घरात गेलं. २०१५ साली महापौरांनी जाहीर माफी मागितली, पण घर कुणाला परत मिळालं नाही.

माझ्या शेजारच्या गोऱ्या आजोबांच्या वडिलांनी त्याच काळात सरकारी हमीच्या कर्जावर घर घेतलं. त्या घरावर कर्ज काढून पोरं कॉलेजला गेली, ते विकून नातवंडांची डाऊन पेमेंट झाली. माणसं भली आहेत, त्यांनी कुणाचं काही चोरलं नाही. माझा सहकारी मात्र शेहेचाळीसाव्या वर्षी स्वतःचं शैक्षणिक कर्ज फेडतोय आणि दर महिन्याला आईचं घरभाडंही भरतो. आमच्या पगाराच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तर तुम्हाला यातलं काहीच दिसणार नाही. संपत्ती मोजली की दिसतं: अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती आणि मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार.

राहिलं आपलं. १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला शंभर माणसं येऊ शकत होती. दार खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या कायद्याने, आणि तेव्हाची हवा कुणी तापवली होती? समान हक्कांसाठी रस्त्यावर लाठ्या खाणाऱ्या कृष्णवर्णीयांनी. त्या दारातून आलेले आपण बहुतेक डॉक्टर, इंजिनिअर, म्हणजे चाळणीतून चाळून घेतलेले. माझा चुलतभाऊ गावाकडे माझ्यापेक्षा दुप्पट राबतो, त्याला व्हिसा नसता मिळाला. चाळलेल्या मूठभरांची तुलना तुम्ही एका अख्ख्या समाजाशी करताय.

मिनेसोटात २०१९ पासून घरमालकाला खरेदीखतातलं ते वंशाचं कलम रद्द केल्याची नोंद करता येते. आम्ही केली. जुनी ओळ पुसली जात नाही, फक्त ती रद्दबातल असल्याचा नवा कागद जोडला जातो, सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करतात तसा. सहकाऱ्याला तो कागद दाखवला. त्याने शांतपणे वाचला आणि फोनवर नकाशा उघडून आजोबांचं घर कुठे होतं ते बोट ठेवून दाखवलं. डेल स्ट्रीटच्या एक्झिटच्या थोडं अलीकडे, डावीकडून दुसरी लेन. मी रोज सकाळी त्यावरूनच ऑफिसला जातो.