पाईपच्या तंबाखूचा हिशोब

लेकरा,

मेसेज वाचला, लातूरला नोकरी लागली, पाईप घेतलास आणि आता कोणता डबा घेऊ विचारायलास. आधी हे ऐक, धूर छातीत नाही ओढला तरी तोंडाचा न जिभेचा कॅन्सर पाईपवाल्यालाबी होतो, जर्दा मळणारी माणसं कशी गेली ते तू गावात पाह्यलंसच. तरी ओढणारच असशील तर पैसे तरी पाण्यात घालू नको.

डब्याची किंमत बघूच नको, एका पाईपला किती पडतंय ते बघ. मध्यम पाईपात २ ग्रॅमच्या आसपास तंबाखू बसतो, म्हणजे ५० ग्रॅमचा डबा २५ वेळा. रोज ओढलास तर महिनाबी निघत नाही, रविवारच्या रविवार ओढलास तर सहा महिने जातो, मग भारीतला घेतलास तरी परवडतंय.

मी पहिल्यांदा संभाजीनगरात एका दुकानातून तीन डबे उचलले, एकदम घेतले तर कमी करतो म्हणला, घरी येऊन उघडले तर आत नुस्ता भुसा, कधीचा माल होता देव जाणे. तेव्हापासून एकच घेतो, तारीख बघून. पाकिटावर इशाऱ्याचं चित्र नसेल तर चोरून आणलेला माल समज, स्वस्त असला तरी हात लावू नको. तुझा मामा दुबईहून येणाराय ना, त्याला आणायला सांग, १२५ ग्रॅम तंबाखूपर्यंत कस्टमची ड्युटी लागत नाही, फक्त मग सिगारेटीचं पाकीट वेगळं आणायचं नाही.

कॅव्हेंडिश म्हणून गोड वासाचा तंबाखू मिळतो, त्याला भुलू नको, तो ओला असतो, भराभरा ओढला की जीभ पोळते. कोणताबी असू दे, कागदावर पसरून पंधरा-वीस मिनिटं सुकू दे, स्वस्तातलाबी बरा लागतो. व्हर्जिनिया नावाचा तंबाखू मात्र बंद बरणीत वर्षानुवर्षं मुरतो, लोणच्यासारखा, म्हणून तो थोडा जास्त घेतला तरी चालतंय. लॅटाकिया हा तिसरा प्रकार, धुरावर सुकवलेला, खोलीत पेटवलास तर रूममेट चूल पेटली म्हणून ओरडतील.

आणि बरणी रबराच्या रिंगवालीच घे. आपल्या मे महिन्यात डबा उघडा राह्यला की चार दिवसात चुरा. वाळला म्हणून बटाट्याची फोड टाकत असतेत काहीजण, बुरशी येते गड्या. ताटलीत पसर, वर ओलं फडकं ताणून बांध, तंबाखूला टेकू देऊ नको, रात्रभरात मऊ होतो.

दिवाळीला आलास की रिकामी बरणी घेऊन ये, माझ्यातला व्हर्जिनिया २० ग्रॅम देतो, तोवर नवा डबा घेऊ नको.

तुझा काका