येताना लाट पुढे जाऊ द्या

प्रश्न : दोन वर्षं पानशेतच्या पाण्यात कयाक चालवते आहे. डिसेंबरात तारकर्लीला पहिल्यांदा समुद्रात गेले. आत जाताना काही वाटलं नाही. परत येताना मात्र किनारा अगदी जवळ असताना कयाक आडवी फिरली, मी पडले, उभी राहिले, तेवढ्यात तीच कयाक येऊन नडगीवर आदळली. माझं काय चुकलं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, नडगी बरी झाली ना? पडण्याचं मनाला लावून घेऊ नका, पण उभ्या राहिलात ती जागा चुकली. तुम्ही कयाक आणि किनारा यांच्या मधे होतात. वीस-पंचवीस किलोची कयाक लाटेने रेटली की गुडघाभर पाण्यातही पाय मोडू शकतो. माझ्या डाव्या गुडघ्याखाली तसाच व्रण आहे, म्हणून हे आधी सांगतो. पडलात की समुद्राच्या बाजूला या, मग टोकाची मूठ धरा.

आता आडवी का फिरली? तुम्ही लाटेच्या पुढे धावत होतात. लाट मागचं टोक उचलते, पुढचं पाण्यात रुततं आणि होडी गर्रकन वळते. लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या बाहेर थांबा, मान वळवून मागे बघत राहा. मोठ्या लाटा घोळक्याने येतात. त्यांतली शेवटची खालून सरकून गेली की तिच्या पाठीवरूनच जोरात वल्हवत या. मागची गाठतेय असं दिसलं तर उलटं वल्हं मारून तिलाही पुढे जाऊ द्या. तरीही आडव्या झालातच, तर अंग लाटेकडे झुकवा आणि वल्ह्याचं पातं तिच्यावर टेका. भीतीने आपण किनाऱ्याकडे कलतो, आणि तिथेच उलटतो.

सकाळीच जा, दुपारी खारे वारे लाटा वाढवतात. भरतीची वेळ कोळी सांगतात तशी काढा: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहाच्या सुमारास. आणि ओहोटी लागल्यावर देवबागच्या संगमावर जाऊ नका. तिथे बाहेर पडणारं कर्ली नदीचं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडतात.

पुढच्या खेपेला लाइफ जॅकेटबरोबर हेल्मेटही घाला. सोबतीला कुणीतरी किनाऱ्यावर असू द्या, पण कयाक झेलायला त्याला पाण्यात उतरू देऊ नका.